रॉकवेलकाका

काही माणसं वस्तू विकत घेतात, काही माणसं वस्तू विकत घेण्याचा विचार करतात. यातली दुसरी जात जास्त सुखी असते, कारण घेतलेली वस्तू कधी ना कधी बिघडते. विचाराला गॅरंटी-वॉरंटी काही लागत नाही. चिंचवडच्या आमच्या सोसायटीतले रॉकवेलकाका या दुसऱ्या जातीचे. नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं. भोसरीच्या एका कंपनीतल्या क्वालिटी कंट्रोलमधून काका निवृत्त झाले, आणि लोक या वयात हार्मोनियम धरतात तशी त्यांनी सुरी धरली. घाबरू नका, करायला धरली.

तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस सुऱ्या कशा करतो? बेअरिंगचं स्टील, म्हणजे ईएन 31, भंगारातून आणायचं. ते घासून पात्याचा आकार द्यायचा. मग एका मित्राच्या चाकणच्या शेडमधल्या गॅसभट्टीत चुंबक चिकटेनासं होईपर्यंत आणि त्याच्याही थोडं पुढे लाल करायचं, आणि कोमट शेंगदाणा तेलात बुडवायचं. "पातं हार्डन करताय की तळताय?" हा काकूंचा सवाल या तेलाच्या डब्यावरून आलेला. त्यानंतर 200 अंशांवर टेम्परिंग, तेही काकूंच्या ओव्हनमध्ये. दिवाळीत नानकटाई आधी की पातं आधी, यावरून त्या घरात दोन दिवस अबोला होता.

एवढं करून सुरी होते. काकांच्या लेखी मात्र ती होत नाही. भाजी कापली गेली, टोमॅटोचं साल न दबता निघालं, हे सगळं ऐकीव. "पण आरसी किती?" हा खरा प्रश्न.

आरसी म्हणजे रॉकवेल सी, धातूच्या कठीणपणाचं, म्हणजे हार्डनेसचं माप. हिऱ्याचं 120 अंशांचं टोक आधी 10 किलोच्या भाराने टेकवायचं, मग भार 150 किलोपर्यंत न्यायचा, मग परत 10 वर आणायचा आणि टोक किती खोल रुतलं ते बघायचं. 100 मधून सुरुवात, दर 0.002 मिलिमीटरला एक अंक कमी. म्हणजे 60 आरसीच्या पात्यावरचा खड्डा भरतो जेमतेम 0.08 मिलिमीटर. हे मला काकांनी एका मुंजीत, मठ्ठा वाढत असताना सांगितलं. पद्धत शोधणारे ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल हे एका आडनावाचे दोघे अमेरिकेतल्या एकाच बेअरिंग कारखान्यात होते, त्यांनी 1914 साली पेटंटचा अर्ज केला आणि पेटंट मिळालं 1919 मध्ये, हे त्यांनी बटूच्या आजोबांना सांगितलं. "पाच वर्षं थांबले!" असं म्हणताना काकांच्या डोळ्यांत आपलेपणा होता.

तर काकांना हार्डनेस टेस्टर घ्यायचा आहे. स्वस्तातला. या "स्वस्तातला" शब्दावर त्यांचं अख्खं संशोधन उभं आहे.

पहिल्यांदा पेनासारखा हातात धरायचा टेस्टर आला. एका माजी सहकाऱ्याकडून रविवारपुरता. यात एक छोटा ठोकळा पात्यावर आपटून उसळतो, आणि किती वेगाने उसळला त्यावरून यंत्र आकडा काढतं. ठोकळा मोठ्या रोलवर, डायवर चोख चालतो. पण त्याला खाली साधारण 5 किलो वजनाचा भक्कम तुकडा लागतो आणि काकांची सुरी मुठीसकट पाव किलोचीही नाही. एकाच पात्यावर 35, मग 48, मग 61. हलका तुकडा जड पायावर पेस्ट लावून बसवावा, असा नियम काकांनी वाचला आणि काकूंच्या पाट्याला ग्रीस फासलं. पाटा दगडाचा, ग्रीस ट्रकचं. त्या रविवारची चटणी मिक्सरमध्ये झाली.

मग जुना बेंच टेस्टर. कुदळवाडीत भंगाराची गोदामं होती तेव्हा काका भिंग घेऊन तिथे जात. हिऱ्याचं टोक भिंगाखाली धरायचं, टवका उडालेला दिसला की मान हलवायची आणि चहा पिऊन परत यायचं. एकदा टोकही चांगलं निघालं. तेव्हा त्यांना आठवलं की आपल्या इमारतीमागून लोणावळा लोकल जाते. लोकल गेली की काटा हलेल. सौदा मोडला.

नव्याची चौकशी तर थेट मुळापाशी गेली. इचलकरंजी, जयसिंगपूर, मिरज या पट्ट्यात हार्डनेस टेस्टर बनतात. काकूंना अंबाबाईचं दर्शन घडवतो म्हणून काका कोल्हापूरला निघाले. दर्शन दहा मिनिटांत उरकलं, आणि काकू एका कारखान्याच्या ऑफिसात दुपारभर कॅटलॉग चाळत बसल्या. परत येताना काकांच्या पिशवीत पेढे होते आणि एक नवा प्रश्न: डायलचा घ्यावा की डिजिटल?

कोणी म्हणालं, कानशींचा संच घ्या. 40 ते 65 आरसीच्या, पाच-पाचच्या फरकाने सहा कानशी. 55 ची घसरली आणि 60 ची चावली, तर पातं त्यांच्या मधे कुठेतरी. "मधे कुठेतरी?" काका दुखावले. "57 का 58?" शिवाय भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो, तो थर मऊ पडतो, कानस फसते. हे खरंच आहे. त्यावर उपाय म्हणजे वरचा थर थोडा घासून परत कानस लावणे, हेही खरं आहे. पण उपायाने विषय संपतो, म्हणून तो काकांच्या बोलण्यात येत नाही.

शेवटी मीच त्यांना एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे नेलं. तिथल्या पोराने पातं एमरीने पुसलं, धारेची तिरकी बाजू सोडून मुठीजवळचा सपाट भाग निवडला, तीनदा लिव्हर ओढला आणि खडूने पात्यावर लिहिलं: 59, 58, 59. पैसे घेतले नाहीत. उत्तम आकडे! बाजारातल्या कित्येक जर्मन सुऱ्या 56-58 च्या आसपास असतात. मला वाटलं, काका पेढे वाटतील. त्यांनी चष्मा नीट केला आणि विचारलं, "मशीन तपासायच्या तुमच्या टेस्ट ब्लॉकचं सर्टिफिकेट कधीचं आहे?"

पोराने मालकांना बोलावलं. मालकांनी आम्हाला गेटपर्यंत सोडलं, आणि वॉचमनला आमचे चेहरे नीट बघून ठेवायला सांगितलं.

परतताना मी विचारलं, "काका, 59 आलं तरी तुमचं समाधान का होत नाही?" ते म्हणाले, "आकडा दुसऱ्याच्या मशीनचा आहे रे." मी म्हटलं, मग स्वतःचं घ्या. यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं काही मी त्यांना देवळातून बाहेर काढायला निघालोय. तीच सुरी काकू रोज वापरतात. तिने गवार निवडतात, फणस चिरतात, आणि ती 59 ची आहे हे त्यांना ठाऊक नाही. पात्यावरचा खडू त्यांनी पहिल्याच दिवशी विम लावून धुतला.

तुम्हाला हा नाद लागला असेल, तर माझं ऐका. सहा कानशी घ्या, ओळखीचा एक हीट ट्रीटमेंटवाला धरा, आणि त्याला सर्टिफिकेट विचारू नका. स्वतःचा टेस्टर घ्यायचाच असेल, तर काकांइतका जाणकार माणूस अख्ख्या चिंचवडात सापडणार नाही. त्यांचा सल्ला जरूर घ्या. फक्त टेस्टर आधी घेऊन ठेवा.