आरपीएमवाले काका

आमच्या इमारतीतल्या काकांना ‘कसे आहात?’ विचारलं की ते तब्येत सांगत नाहीत, कालचा आरपीएम सांगतात. साइटचं पान हजार वेळा उघडलं गेलं की जाहिरातींतून पदरात किती पडतं, त्याचा हा आकडा. तो चढला की काका बागेत दोन फेऱ्या जास्त मारतात. उतरला की लिफ्टमध्येसुद्धा उसासे टाकतात.

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पाककृतींची साइट काढली. कृती काकूंच्या, हिशेब काकांचा. साइटवरच्या जाहिराती गुगलच्या; पहिले १० डॉलर जमले की गुगल पत्ता पडताळायला टपालाने पिन पाठवतं. ते पाकीट काकांनी हळदकुंकू वाहून देवघरात ठेवलं. पैसे मात्र १०० डॉलर झाल्याशिवाय सुटत नाहीत. तोवर फोटोपुरते अनारसे काकू पदरचा गूळ घालूनच करत राहिल्या.

काकूंची अनारशांची कृती मुळात आठ ओळींची. ती बघून काकांनी कपाळाला हात लावला. मोबाइलवर जाहिरातींनी मजकुराच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा अडवली, तर २०१८पासून क्रोम ब्राउझर त्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती झाकून टाकू शकतो. दुसऱ्या कोणी जाहिराती कमी केल्या असत्या. काकांनी मजकूर वाढवला. आता आधी भाताची लागवड येते, मग दिवाळीचं माहात्म्य, मग काकूंचं माहेर. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, म्हणून पानंही तीन. ‘पाणी बदला’ म्हटलं की खाली ३०० बाय २५०ची चौकोनी जाहिरात, आणि ‘पुढे’ दाबल्यावर दुसरा दिवस उजाडतो. खसखशीपर्यंत पोचता पोचता वाचकाची भाऊबीज उलटते, पण काकांच्या मते तो साइटवर रमलेला असतो.

विमा आणि कर्ज यांच्या जाहिरातींना भाव चांगला, हे कळल्यापासून काकांची लेखणी सैल सुटली आहे. ‘अनारसा तळताना तेल अंगावर उडू शकतं. तुम्ही आरोग्य विमा काढला आहे का?’ हा परिच्छेद त्यांचाच. चकलीच्या कृतीत ‘सोऱ्या ठेवायला स्वयंपाकघर अपुरं पडतंय?’ असं विचारून ते थेट गृहकर्जावर येतात.

“अहो, लोकांना भाजणीचं प्रमाण हवंय,” काकू म्हणाल्या.

“ते शेवटी. प्रमाण मिळालं की माणूस निघून जातो!”

परदेशातल्या वाचकाला काका मनोमन नमस्कार करतात. अमेरिकेतून पान उघडलं तर इथल्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतं. त्यामुळे न्यू जर्सीची भाची, जिच्या लग्नाला ते गुडघ्याचं कारण सांगून गेले नव्हते, ती हल्ली फार लाडकी झाली आहे. पण ओळखीच्यांनी उगाच क्लिक केले तर खातंच बंद व्हायचं. म्हणून जाहिराती म्हणजे काकांच्या घरी सोवळ्यातला नैवेद्य. नातेवाइकांनी बघायच्या, हात लावायचा नाही.

दिवाळीपासून नाताळापर्यंत जाहिरातदारांचा हात सैल असतो, जानेवारीत तो आखडतो. जग तिळगूळ वाटत असताना काकांवर खरोखरीची संक्रांत येते. ‘गोड बोला’ म्हटलं की ते मोबाइल काढून घसरलेला आलेख दाखवतात.

गेल्या दिवाळीच्या आधी त्याच भाचीचा फोन आला. “मामी, अनारशांचे तांदूळ किती दिवस भिजवू?” काकूंनी उभ्या उभ्या सांगून टाकलं : तीन दिवस, पाणी रोज बदल, वाटीला पाऊण वाटी गूळ, लाटताना खसखस, आणि फोन ठेवला. काका आतून धावत आले.

“अगं, अमेरिकेचा वाचक होता तो! दिवस सांगितलेस ते सांगितलेस, गुळाचं तरी साइटवर बघ म्हणायचंस!”