पोट कापता येतं, मधुमेह नाही

नोव्हेंबर लागला की दिल्लीत दोन गोष्टी एकदम वाढतात. हवेतलं विष आणि लग्नाच्या तारखा. लोधी गार्डनला पहाटे फिरायला जावं तर श्वास लागतो, आणि शेरवानीचं बटण तर महिन्याभरात लागायला हवं. दक्षिण दिल्लीपासून गुरुग्रामपर्यंतची क्लिनिकं नेमकं याच पेचातलं गिऱ्हाईक हेरतात.

पर्याय काय? लायपोसक्शन : बारीक नळीने चरबी ओढून घ्यायची. टमी टक : सुटलेली कातडी कापायची आणि पोटाचे स्नायू शिवून आवळायचे. सुरीची भीती वाटते त्यांच्यासाठी चरबी गोठवणारं यंत्र. या यंत्राने आपली चरबी कमी होण्याऐवजी वाढली, असं जगप्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टाने 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं.

जाहिरातीत हे कधी वाचलंत?

बाळंतपणात पोटाचे स्नायू फाकलेली बाई, किंवा खूप वजन उतरवल्यावर लोंबती कातडी वागवणारा माणूस, यांना टमी टकने खरा आराम मिळतो. त्यांना नावं ठेवायचं कुणालाच कारण नाही. राग आहे तो बारीक कंबर ‘आरोग्य’ म्हणून विकण्याचा.

अमेरिकेत सेंट लुइसच्या डॉक्टरांनी 15 स्थूल स्त्रियांच्या पोटातून लायपोसक्शनने सुमारे दहा-दहा किलो चरबी काढली. अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्सुलिनचं काम, काहीही सुधारलेलं नव्हतं. हा निष्कर्ष 2004 मध्ये छापून आला. दहा किलो गेले, आजार जागच्या जागी!

कारण सरळ आहे. नळी पोचते कातडीखालच्या चरबीपर्यंत. घात करते ती आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी.

तिथे नळी जात नाही.

त्याच 2004 साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो ‘लॅन्सेट’ने छापला. दोघेही सडपातळ, दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकराची 21.2! बारीक दिसणं म्हणजे निरोगी असणं, हा समज भारतीय माणसाला तरी परवडणारा नाही.

म्हणून तर आपल्यासाठी कमरेची मर्यादा कडक : पुरुष 90 सेंटिमीटर, स्त्रिया 80. आणि दिल्लीत 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शंभरातल्या सुमारे 41 स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर. एवढ्या बायकांना काय ऑपरेशन टेबलावर झोपवायचं?

सरकारचं मत बिलावरच छापलेलं असतं. उपचाराला जीएसटी माफ. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला माफी नाही. विमा कंपनीही तिचा दावा नाकारते. कर खात्याला कळलेला फरक गिऱ्हाइकाला कुणी सांगायचा?

‘पण पुढारी करतात ना?’ नितीन गडकरींनी 2011 मध्ये मुंबईत केली आणि अरुण जेटलींनी 2014 मध्ये दिल्लीत, ती बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया. ती जठर-आतड्यांवर होते, आजारासाठी होते, आकारासाठी नव्हे. तीही सोपी नाही. जेटलींना त्यानंतर एम्समध्ये दाखल व्हावं लागलं, आणि ते तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते.

मे 2022 मध्ये बंगळुरूत 21 वर्षांची एक अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाला लिहून सांगावं लागलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण सौंदर्योपचार सुरू करायला पुरेसं नाही.

हे डॉक्टरांना लेखी बजावावं लागतं, यातच सगळं आलं.

तरीही करायचीच असेल तर जरूर करा, शरीर तुमचं आहे. आधी तीन प्रश्न तोंडावर विचारा. सर्जनने प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण घेतलंय का? भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर राहणार का? काही बिघडलं तर आयसीयू याच इमारतीत आहे का? एकाही उत्तराला आढेवेढे घेतले, तर उठा आणि बाहेर पडा.

आणि क्लिनिकच्या पायऱ्या चढण्याआधी घरी टेपने कंबर मोजा, रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. आकडे चढे असतील तर तुम्हाला प्लास्टिक सर्जन नव्हे, फिजिशियन हवा आहे. पहिली फी त्याला द्या.