पाच-पाचचे गट

वर्गवाल्या सरांची ओळख करून द्यायची गरज नाही. वसई, पापडी, गिरीज, नंदाखाल, आगाशी, कुठल्याही धर्मग्रामात जा. रविवारची दुसरी मिस्सा सुटली की चर्चच्या पायऱ्यांशी हातात झेरॉक्सचा गठ्ठा आणि खिशाला चार रंगांची स्केचपेनं लावून जे गृहस्थ उभे असतात, तेच सर. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं असतंच असं नाही. बहुतेकांची नोकरी महापालिकेत, बँकेत नाहीतर रेल्वेत झालेली असते. सरपद गावाने निवृत्तीनंतर दिलेलं असतं, थोडं आदराने आणि बरंचसं वैतागून. वर्ग घेणं हे त्यांचं अर्धंच काम. उरलेल्या वेळात ते दुसऱ्यांच्या वर्गांना जाऊन बसतात. मंगळवारी बायबल अभ्यासवर्ग, गुरुवारी कुठलंतरी प्रशिक्षण, शनिवारी विवाहपूर्व शिबिर, आणि मधल्या वारांना प्रथमोपचार, गांडूळखत, व्यसनमुक्ती, ज्येष्ठांसाठी मोबाइल. गुरुवारी जे ऐकलं ते शनिवारी शिकवायचं, हा त्यांचा शिरस्ता. लग्नाळू पोरांना शिबिरात सर्पदंशावरचे उपचार का सांगितले जातात, असं कोडं कुणाला पडलं तर त्याने त्या आठवड्यातला गुरुवार तपासावा. पॅरिशच्या कार्यालयाकडे सर वळताना दिसले की फादर आधीच "बघू, सर, बघू" म्हणायला लागतात, कारण सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "फादर, एक छोटंसं सत्र ठेवू या का?"

दुसरं वाक्यही ठरलेलं. विषय कोणताही असो, दहाव्या मिनिटाला सर हातातला कागद खाली ठेवतात, हात चोळतात आणि म्हणतात, "आता आपण पाच-पाचचे गट करू या." यावर सभागृहातून जो सुस्कारा उठतो तो त्यांना उत्साहाचा वाटतो. मग पहिल्या रांगेपासून "एक, दोन, तीन, चार, पाच, पुन्हा एक" अशी मोजणी सुरू होते. सगळे एक इकडे, सगळे दोन तिकडे. हिशेबाने पाहिलं तर असे पाच गट होतात, पाच-पाचचे होत नाहीत. माणसं नेमकी पंचवीस असली तरच दोन्ही जुळतं. पण हे दाखवून देणाऱ्याला सर तत्काळ गटप्रमुख करतात, त्यामुळे हल्ली कुणी दाखवत नाही. शेजारी बसून आलेले नवरा-बायको पांगतात. बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ एकाच तक्त्यावर ओणवे होऊन 'क्षमा' या शब्दाला हिरवं वर्तुळ काढतात. विवाहपूर्व शिबिरात नियोजित वर एका गटात आणि वधू दुसऱ्या गटात पडते, आणि संसाराबद्दलच्या आपल्या अपेक्षा मुलगा भलत्याच मुलीला मन मोकळं करून सांगत बसतो. शेवटी पाच तक्ते भिंतीला लागतात. पाचांवरही सूर्य असतो, सूर्याला किरण असतात, किरणांवर सद्गुण लिहिलेले असतात. लग्नाच्या जेवणाला रांग लांबली की सर अस्वस्थ होतात. मयताच्या घरी रोझरीला माणसं दाटली की त्यांची नजर नकळत मोजू लागते.

या माणसाला हसावं, त्यात काही गैर नाही. पण त्या हसण्याला एक तक्रार चिकटलेली असते. ख्रिस्ती जीवन म्हणजे प्रार्थना, संस्कार आणि सेवा. हे वर्गांचं खूळ मधेच कुठून आलं? माझं म्हणणं असं की ते मधेच आलेलं नाही. बसून शिकणं आणि उठून शिकवणं हे चर्चच्या सगळ्यात जुन्या सवयींपैकी आहे, आणि ज्यांना आपण कंटाळतो ते सर ती सवय राखून आहेत. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता, असं लूक लिहितो. संत पौलाने इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज वर्ग चालवला. पोटासाठी तो तंबू शिवत असे, तेव्हा कामधंदा सांभाळून वर्ग घेणाऱ्यांचा मूळ पुरुष त्यालाच म्हणायला हवं. त्रोवसात त्याचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपी जाऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल खाली गेला, पोराला कवटाळलं, घाबरू नका म्हणाला, वर आला, भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत पुढे बोलत राहिला. सरांच्या वर्गातून अजून कुणी खिडकीबाहेर पडलेलं नाही. पडलं तर सर काय करतील याविषयी मात्र मला शंका नाही. इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेजच्या एका डीकनने संत ऑगस्टीनकडे गाऱ्हाणं केलं होतं की नवशिक्यांना तेच ते शिकवताना मलाच कंटाळा येतो. ऑगस्टीनने त्याच्यासाठी एक पुस्तकच लिहिलं, आणि त्यात ऐकणारा जांभया देऊ लागला तर काय करावं याचाही विचार केला: काहीतरी गमतीचं बोलावं, नाहीतर त्याला बसायला आसन द्यावं. माणसं जमवण्याची अडचणही जुनीच. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवत पोरांना धर्मशिक्षणाला बोलावत हिंडले. सरांची घंटा व्हॉट्सॲपवर वाजते, पहाटे पाचला, गुलाबाच्या फुलासकट. आणि थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ साली छापलेलं 'क्रिस्तपुराण' आपण मराठीचं भूषण म्हणून मिरवतो, तेही गोव्यातल्या साष्टीच्या नवख्रिस्ती मंडळींना जुन्या पुराणांच्या जागी वाचायला, ऐकायला काही हवं म्हणून रचलेलं. म्हणजे एका अर्थी अभ्याससाहित्यच.

राहिले गट. याबाबतीत सरांची बाजू लंगडी असेल असं वाटतं, पण शुभवर्तमान त्यांच्या बाजूने आहे. पाच हजारांना जेवू घालण्याआधी येशूने लोकांना हिरवळीवर गटागटाने बसवायला सांगितलं, आणि ते शंभर-शंभर, पन्नास-पन्नास असे बसले. भाकरी नंतर, आधी गट. (तक्ते आणि स्केचपेनं यांचा उल्लेख मार्क करत नाही, हे मान्य.) मेथडिस्टांची गोष्ट याहून बोलकी आहे. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टल इथे जॉन वेस्ली यांच्या मंडळींवर इमारतीचं कर्ज होतं. ते फेडायला दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायची, आणि त्यासाठी बाराएक जणांमागे एक प्रमुख नेमायचा, असं ठरलं. प्रमुख पेनीसाठी दारोदार जाऊ लागले तेव्हा त्यांना कुठे दारू चालते, कुठे भांडण आहे, कुठे चूल पेटलेली नाही, हेही दिसू लागलं. वेस्लींच्या ध्यानात आलं की आपल्याला हवी होती ती व्यवस्था हीच. वसुलीचे गट म्हणून जे सुरू झालं ते एकमेकांना आधार देणारे आणि जाब विचारणारे वर्ग झाले, आणि मेथडिस्ट चळवळ त्यांवरच उभी राहिली. हजार माणसांच्या मिस्सेत कुणी आलं नाही तर कळत नाही. पाचांत एक खुर्ची रिकामी असली की लगेच कळतं, आणि संध्याकाळी सर दारात उभे राहतात. त्यांचा हा दुसरा उपद्रव.

यावर शुभवर्तमानातल्या, बसून ऐकण्याऐवजी राबणाऱ्या मार्थेची बाजू घेणारे म्हणतील, बसून चर्चा करण्यापेक्षा उठून चार कामं करा. रास्त आहे, तक्त्यावर 'सेवा' लिहून घरी गेलेल्यांची संख्या थोडी नाही. पण शिकणं आणि करणं यांत निवड करावी लागते, हे गृहीतच तपासायला हवं. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात अँटिगोनिशच्या कॅथलिक विद्यापीठाने १९२८ साली विस्तारविभाग काढला आणि फादर मोझेस कोडी यांच्याकडे सोपवला. कोळी, शेतकरी, खाणकामगार यांनी एकमेकांच्या स्वयंपाकघरांत अभ्यासमंडळं भरवली. लॉबस्टर आपण पकडतो, मग पैसा दलालाकडे का जातो, असले प्रश्न तिथे चघळले गेले, आणि त्यातून पतपेढ्या आणि मासळीचे सहकारी कारखाने उभे राहिले. आपल्याकडे मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी वसईत १९१८ साली जी पतसंस्था उभारली, तिची पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. सावकाराला अंगठा देणाऱ्या माणसाला व्याज, जामीन, भाग म्हणजे काय हे कुणी बसून समजावल्याशिवाय पतसंस्था चालत नाही. त्या समजावण्याला वर्ग म्हणा, नाहीतर सेवा.

अर्धवट ज्ञानाचा आक्षेप मात्र खरा आहे. यरुशलेमला 'सुईचं नाक' नावाचा एक बुटका दरवाजा होता, त्यातून उंट ओझं उतरवून गुडघ्यांवर आत शिरत असे, ही कथा सर दर वर्षी सांगतात, आणि असा दरवाजा असल्याचा कसलाही पुरावा नाही. पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असं याकोबाच्या पत्रात बजावलेलं आहेच. पण याला उत्तर म्हणून प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोस भेटतो: आलेक्सांद्रियाचा, वक्ता, शास्त्रांत पारंगत आणि एका मुद्द्यावर कच्चा. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने त्याचं बोलणं ऐकलं, त्याला बाजूला नेलं आणि नीट समजावलं. त्यांनी त्याला व्यासपीठावरून खेचलं नाही, आणि एवढा पंडित असून तोही रुसला नाही. सरांच्या अंगी वक्तृत्व नसलं तरी हा गुण आहे. एखाद्या पोराने मोबाइलमध्ये डोकं घालून उंटाचा दरवाजा खोटा ठरवला, तर सर रागावत नाहीत. पुढच्या शनिवारी त्या पोराचं सत्र ठेवतात. धोका शिकवणाऱ्याच्या अर्धवटपणात असतो त्याहून जास्त त्याने शिकणं थांबवण्यात असतो, आणि सरांवर तो आरोप त्यांचा शत्रूही करणार नाही.

मुळात सर आपल्याला टोचतात ते वेगळ्याच कारणाने. आपण केव्हाच उत्तीर्ण होऊन बाहेर पडलो आहोत, असं आपल्याला वाटत असतं. पहिली कम्युनियन बालपणी, दृढीकरण शाळेत असतानाच. त्या दिवशी नवा कोट, फोटो, जेवणावळ, आणि धर्माचं पुस्तक कपाटावर. पुढे माणूस इंजिनिअर होतो, शेअरबाजार शिकतो, गृहकर्जाच्या बारीक अक्षरांतल्या अटी पाठ करतो; देवाविषयीची त्याची समज मात्र शाळेतल्या बाकावरच राहते. चाळिशीत तो सांगू लागतो की धर्म आपल्याला बालिश वाटतो. वाटणारच, त्याच्याजवळचा धर्म नववीतला आहे. अशा माणसासमोर सत्तरीचे सर वही घेऊन पहिल्या रांगेत बसतात, हात वर करून शंका विचारतात आणि उत्तर तारखेसकट टिपून घेतात, तेव्हा त्याला हसू येतं आणि बरंही वाटत नाही.

आता वर्गाला माणसं कमी येतात. पोरं कॅनडाला नाहीतर आखातात, उरलेली चर्चगेटच्या लोकलमध्ये. रविवारची धर्मशिक्षणाची खिंड बहुतेक ठिकाणी आधीच नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या शिक्षिका लढवत असतात, त्यांना तर माइकही मिळत नाही. एखाद्या पावसाळी मंगळवारी सातच जण जमतात. सर तरीही मोजतात, तिघांचा एक आणि चौघांचा एक असे गट पाडतात, आणि ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईंशेजारी आपली खुर्ची ओढून चौघांचे पाच करतात. सणाची रोषणाई, बँड आणि फटाके पॅरिश कौन्सिलात एका दमात मंजूर होतात. तक्त्यांच्या कागदाचं बिल मात्र पुढच्या बैठकीवर जातं, आणि दोन बैठकांनंतर सर ते मागे घेतात. ब्रिस्टलच्या त्या सभेत पेनीची सूचना मांडणारे कॅप्टन फॉय म्हणून कुणी होते. गरिबांना आठवड्याला पेनीही झेपायची नाही, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा ते म्हणाले की त्यांतले अकरा सगळ्यात गरीब माझ्या गटात घाला. ज्यांना जमणार नाही त्यांची पेनी मी भरीन. सरांची पेन्शन एक तारखेला जमा होते. स्टेशनरीवाला दोन तारखेला त्यांचे तक्ते गुंडाळूनच ठेवतो.