अमजद खानचा नंबर

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी चिकटवली आहे. कारण विचारलं तर आवाज खाली आणून म्हणतात, ‘पेगॅसस!’ हेच काका रिक्षात बसले की फोन स्पीकरवर टाकतात आणि धाकट्या भावाबरोबरचा वाटणीचा दावा कुठवर आला, हे अख्ख्या सिग्नलला ऐकवतात. ओटीपी तर आकडा-आकडा सुटा करून, खणखणीत आवाजात. इस्रायलच्या एनएसओ कंपनीने हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर बनवायचा एवढा खटाटोप केला कशाला, कोण जाणे.

पेगॅससला पट्टीचं काही वाटत नाही म्हणा. लिंकला बोटही न लावता ते फोनमध्ये शिरू शकतं. 2021 मध्ये भारतातल्या फोनवरही ते सोडल्याची बोंब झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. समितीने 29 फोन तपासले, त्यातल्या 5 फोनमध्ये काहीतरी लबाड सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच असं ठामपणे सांगता येईना. सरकारने सहकार्य केलं नाही, हे मात्र सांगता आलं.

सरकारी कानाला तर तुमच्या हँडसेटची गरजच नसते. गृहसचिवांची सही झाली की फोन कंपनीच्याच यंत्रणेतून बोलणं ऐकता येतं. तुम्ही कुठलंही ॲप टाका, साध्या कॉलला ते वाचवत नाही. 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याला लगाम घातला: सही कुणाची, आदेशाची मुदत दोन महिने, वाढवली तरी सहाच्या पुढे नाही. कागद चोख. प्रश्न एवढाच की कागदावर नाव कुणाचं? काँग्रेसचे नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत सांगितलं, की 2016-17 मध्ये आपला नंबर ‘अमजद खान’ या नावाने टॅप होत होता, आणि कारण दाखवलं होतं अमली पदार्थांचा धंदा. तेव्हा ते सत्ताधारी भाजपचेच खासदार होते! पुढे या टॅपिंगबद्दल गुन्हे नोंदले गेले, 2023 मध्ये उच्च न्यायालयात ते रद्दही झाले. पण खासदाराचा गब्बर करणारी ती कल्पकता, तिला दाद द्यायचं राहूनच गेलं.

तुमच्या-माझ्यासाठी कुणी गृहसचिवांना उठवत नाही. आपल्याला थेट आवतण येतं. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका. फाइलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ नसतं, एपीके असतं. म्हणजे ती पत्रिका नाही, अख्खं ॲप आहे. पण ‘मुलगी कुणाची?’ हे कळल्याशिवाय मराठी माणसाला जेवण जात नाही. फोन बिचारा विचारतो, बाहेरून आलेलं ॲप टाकू का? टाक. एसएमएस वाचू देऊ का? दे. ॲक्सेसिबिलिटी? तीही दे, काय असते ती नंतर बघू. आता स्क्रीनवरचं सगळं पलीकडच्याला दिसतं, ओटीपी तुमच्याआधी तो वाचतो, आणि आहेर खात्यातून परस्पर वळता होतो. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ या पत्रिकेत नसते.

लग्नसराई संपली की हीच फाइल ई-चलान बनून येते. उघडलीच असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘ही उघडू नका’ म्हणून तीच फाइल पुढे पाठवू नका. असे महाभाग आहेत.

एवढं करून उरतो तो घरचा हेर. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. तुमचा अंगठा झोपेतही फोन उघडतो, आणि व्हॉट्सॲप एकदा दुसऱ्या कम्प्युटरला जोडलं की तिकडे सगळं निवांत वाचता येतं. म्हणून ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. आपण कधी न वापरलेला कम्प्युटर तिथे दिसला तर आधी लॉगआउट करा, मग नवऱ्याला किंवा बायकोला विचारा. आधी विचारलंत तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील, तेही तारीख-वारासकट.