‘काढून टाका’ विभागाच्या साहेबांना अनावृत पत्र

श्री. रा. रा. विभागप्रमुख साहेब,
‘काढून टाका’ खाते, समस्त मोबाईल कंपन्या, यांसी
कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या खात्याच्या कामगिरीची म्हणावी तशी दखल आजवर कुणी घेतलेली नाही. नवा फोन आला की कॅमेऱ्याचे पोवाडे गायले जातात, पडदा किती झळझळीत झाला याचे फलक चौकाचौकांत लागतात. पण त्याच फोनमधून दरवर्षी काही ना काही अलगद नाहीसे करणाऱ्या आपल्या खात्याच्या वाट्याला साधे शाल-श्रीफळही येत नाही. नखाने उचकटता येणारे मागचे झाकण आपण नेले. त्याखालची बॅटरी नेली. मेमरी कार्डाची खाच बहुतेक महागड्या फोनांतून नेली, इअरफोनचे भोक बुजवले आणि शेवटी खोक्यातला चार्जरही नेला. एवढे सगळे नेऊनही किंमत खाली येऊ दिली नाही, ही तर खास आपली कला.

सप्टेंबर 2016 मध्ये ॲपलने आयफोन 7 मधून इअरफोनची जागा काढली, तेव्हा कंपनीचे फिल शिलर यांनी व्यासपीठावरून त्याचे कारण सांगताना ‘धैर्य’ असा शब्द वापरला. धैर्य होतेच. लोकांच्या खणात धडधाकट पडलेले इअरफोन एका दुपारी अडगळीत काढायचे आणि त्याच कार्यक्रमात 159 डॉलरचे बिनतारी एअरपॉड्स जाहीर करायचे, याला छाती लागते. जुने इअरफोन जोडायला खोक्यात एक छोटा तुकडा दिला होता, हे मान्य. दोन वर्षांनी आलेल्या फोनांच्या खोक्यातून तोही गेला. सॅमसंगने या प्रकाराची जाहिरातींतून यथेच्छ टर उडवली आणि ऑगस्ट 2019 मध्ये आपल्या नोट 10 मधून तेच भोक निमूटपणे बुजवले. ऑक्टोबर 2020 मध्ये आयफोन 12 च्या खोक्यातून चार्जर गेला, तेव्हाही सॅमसंगने टोमणा मारून पाहिला. पुढच्याच जानेवारीत त्यांच्या गॅलक्सी एस 21 च्या खोक्यातूनही चार्जर गायब. आपले खाते कुठल्याही एका कंपनीचे नाही, सर्वपक्षीय आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

आता आपण नेलेल्या वस्तू एका ओळीत मांडून पाहाव्यात. कुठलीही वस्तू उगाच गेलेली नाही. जुना फोन आणखी चार वर्षे ओढता येईल, किंवा जुनी वस्तू नव्या फोनला जोडता येईल, नेमके तेच निवडून नेले आहे. यात मुख्य बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे रोजच्या वापरात दोन-तीन वर्षे. फोनचा पडदा, चिप, स्पीकर यांना याहून पुष्कळ जास्त आयुष्य असते. तेव्हा सगळ्यांत आधी मरणारा भाग गोंदाने चिकटवून टाकला की बाकीच्या ठणठणीत भागांचे आयुष्यही आपोआप त्याच्याइतके होते. 2003 साली आलेल्या नोकिया 1100 ची बीएल-5सी बॅटरी दुकानदार काउंटरवर उभ्या-उभ्या बदलून द्यायचा, आणि फोन काळाआड गेला तरी ती बॅटरी आजही स्वस्तातल्या एफएम रेडिओत चालते. आपल्याकडच्या मिक्सरचेही तेच. कपलर झिजला, कार्बन ब्रश संपले, तर तेवढेच बदलायचे. त्यासाठी आख्खा मिक्सर भंगारात घाला असे अजून तरी कुणी सांगितलेले नाही. (हे वाचून आपले डोळे मिक्सरकडे वळू नयेत, एवढी प्रार्थना.)

हा माझा संशय आहे, पुरावा कुठे, असे आपण विचाराल. पुरावा आपल्याच माणसांनी लिहून ठेवला आहे. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलला कबूल करावे लागले की, बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून हे केले, असा खुलासा होता, आणि तांत्रिकदृष्ट्या तो खोटा नव्हता. प्रश्न एवढाच की, हे गिऱ्हाइकाला आधी का सांगितले नाही? बॅटरी बदलली की फोन पुन्हा पूर्ववत धावतो, हे कळले असते तर कित्येकांनी नवा घेतलाच नसता. मग माफी मागून बॅटरीबदलाचा अमेरिकेतला दर 79 डॉलरवरून 29 वर आणला गेला. फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला, अमेरिकेत पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. पण खरी गंमत पुढे आहे. 2 जानेवारी 2019 रोजी ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून उत्पन्नाचा अंदाज खाली आणला. चीनमधली मंदी हे मोठे कारण होते, पण लोक नवे फोन का घेत नाहीत याच्या कारणांत स्वस्तात बदललेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख होता. बॅटरी बदलता आली की फोन कमी खपतात, हे दुरुस्तीवाल्याने नव्हे, खुद्द कंपनीच्या प्रमुखाने सांगितले. याहून स्वच्छ कबुलीजबाब कोर्टातही मिळत नाही.

आपली बाजूही ऐकली पाहिजे. बॅटरी चिकटवली नाही तर फोनमध्ये पाणी शिरेल, असे आपण म्हणता. मुंबईचा पाऊस पाहता हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण 2014 चा गॅलक्सी एस 5 पाण्यात टिकायचा, आयपी 67 दर्जाचा होता, आणि त्याचे मागचे झाकण नखाने निघायचे. बॅटरी हाताने काढता यायची. म्हणजे जमत होते. फोन जरा जाड होतो, हे खरे. मात्र लोक त्याच सडपातळ फोनावर जाडजूड रबरी कव्हर चढवून फिरतात, तेव्हा वाचवलेले ते दोन मिलिमीटर नेमके कुणाच्या कामी आले, हे आपण सांगावे.

दुसरे आपले लाडके कारण पर्यावरण. चार्जर सगळ्यांच्या घरी पडलेला असतो, तो नव्याने देऊन ई-कचरा का वाढवायचा? युक्तिवाद ऐकायला उत्तम आहे. अडचण अशी की, आयफोन 12 सोबत दिलेल्या केबलचे एक टोक यूएसबी-सी प्रकारचे होते आणि लोकांच्या घरी पडलेले बहुसंख्य चार्जर जुन्या चौकोनी भोकाचे. जुना चार्जर वापरा म्हणायचे आणि त्याला न बसणारी वायर हातात द्यायची! त्याच वेळी फ्रान्समध्ये मात्र फोनसोबत इअरफोन द्यावेच लागत, कारण तिथला कायदा तसा होता. तेव्हा आपण फ्रान्ससाठी वेगळे, आणखी मोठे खोके काढून दिले. चार्जिंगच्या पिनेचेही तसेच. सर्वांना एकच पिन लावली तर नवनिर्मितीचा गळा घोटला जाईल, असे ॲपल वर्षानुवर्षे युरोपला सांगत होते. युरोपने सी पिनेच्या सक्तीसाठी 28 डिसेंबर 2024 ही तारीख कायद्यात घातली आणि सप्टेंबर 2023 मध्येच आयफोन 15 सी पिन घेऊन हजर झाला. नवनिर्मिती सुखरूप आहे. तंत्रज्ञानाला अशक्य असलेले सरकारी राजपत्राला शक्य होते, तेव्हा अडचण तंत्रज्ञानाची नव्हती, हे उघड आहे.

राहिला शेवटचा आक्षेप : लोकांनाच दरवर्षी नवे हवे असते. काहींना हवे असते, त्यांनी खुशाल घ्यावे. पण आपल्याकडे मुलाचा जुना फोन वडिलांकडे, तिथून आजीकडे जातो, आणि उरलेला सेकंडहँड बाजारात विकला जातो. एवढ्या हातांतून जाणारी वस्तू लोकांना जुनी नकोच आहे, असे कसे म्हणावे? आपले सगळेच वाईट आहे असेही नाही. काही कंपन्या आता सात वर्षे सॉफ्टवेअर अपडेट देण्याचे वचन देतात, हे मनापासून चांगले. मात्र सात वर्षे अपडेट घेणाऱ्या फोनात तीन वर्षांची बॅटरी गोंदाने बसवणे, हा हिशेब जुळत नाही. ‘स्वतः दुरुस्त करा’ ही ॲपलची 2022 ची योजना तर आपल्या खात्याचाच विनोद वाटावा : अमेरिकेत 49 डॉलर भाड्याने घरपोच येणारा अवजारांचा संच दोन पेट्यांत, वजन सुमारे 36 किलो. एवढ्याशा बॅटरीसाठी दारात हमाल उभा करायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर तेच काम हीट गन, प्लास्टिकची पट्टी आणि चिमटा घेऊन करतो. त्याला अडचण अवजारांची नसते, अस्सल सुटा भाग मिळत नाही याची असते, आणि बदललेला भाग ‘अनोळखी’ असल्याची पाटी फोनच दाखवतो याची.

युरोपात जून 2025 पासून फोनचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक झाले आहे. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्ती हक्काचे पोर्टल उघडले. ते माहिती देते, सक्ती करत नाही. तेव्हा आपल्याला येथे अजून कुणी अडवलेले नाही, आणि म्हणूनच ही विनंती कायद्याआधी करतो आहे. पुढच्या फोनात नवे काही घालू नका. मागच्या झाकणाला स्क्रू द्या, बॅटरी ओढून निघेल अशी बसवा आणि तिचा अस्सल सुटा भाग वाजवी दरात गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यालाही विका. एवढे जमत नसेल, तर फोनच्या खोक्यावर किमतीशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत बॅटरी किती वर्षे चालेल आणि ती बदलायला किती रुपये पडतील, ते तरी छापा.

कळावे,
आपला,
जुनाच फोन वापरणारा एक ग्राहक