कामाचं जनावर

आमच्या आबांनी सगळ्या सृष्टीची दोन भागांत वाटणी करून ठेवली आहे : कामाचं आणि बिनकामाचं. बैल कामाचा, मोर बिनकामाचा. शेळी कामाची, तिच्यावर निबंध लिहिणारा पोरगा बिनकामाचा. माझा स्वतःचा निकाल त्यांनी दहावीपासून राखून ठेवला होता. पुढं मी जालन्याला नोकरीला लागलो आणि शेतावर फक्त शनिवार-रविवार उगवू लागलो, तेव्हा तो जाहीर न करताच फाइल बंद झाली.

शेत आमचं भोकरदन तालुक्यात, राजूरच्या बाजूला. थोडी मोसंबी, थोडा हरभरा. परवाच्या हिवाळ्यात दोन्हीकडून एकदम तक्रारी आल्या. हरभऱ्यात ससे शिरले आणि मोसंबीच्या बांधाला घुशी लागल्या. सशाचं एक वेळ समजू शकतो. हरभऱ्याचे शेंडे खुडले की फांद्या जास्त फुटतात, म्हणून आपणच बाया लावून खुडणी करतो. ससा तेच काम बिनमजुरीनं करतो, फक्त कुठं थांबायचं ते त्याला कळत नाही. घुशीचं मात्र काहीच समजून घेण्यासारखं नव्हतं. झाडाच्या मुळाशी पाणी थेंबाथेंबानं पडावं म्हणून कर्ज काढून ठिबक बसवलेलं, घुशींनी नळ्या कुरतडून त्याचं कारंजं केलं.

आमच्याकडं या जनावराचं नाव काढायचीही पंचाईत. मराठीत घूस म्हणजे बांध पोखरणारा थोराड उंदीर, हिंदीत घूस म्हणजे लाच. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हिंदी-उर्दू आमच्या बोलीत मुरलेली. त्यामुळे पारावर मी म्हणालो, "यंदा घुशीनं फार पैसा गेला," तर एक जण सहानुभूतीनं म्हणाला, "कोणत्या टेबलावर?"

अशा वेळी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो इंग्लंडात यॉर्कशरला असतो. म्हणाला, "मामा, इकडं शेजारच्या आजोबांनी चार फेरेट पाळलेत. सशाच्या बिळात सोडायचे, ससे धाडधाड बाहेर. तुमचं काम एका दिवसात होईल." आणि त्यानं फोन कुंपणावरून पलीकडं धरला. एक लांबुळकं, केसाळ, गुलाबी नाकाचं जनावर आजोबांच्या बाहीतून शिरून गळपट्ट्यातून बाहेर येत होतं. मुंगसाला पीठ चोळून पाइपातून ओढून काढलं तर जसं दिसेल, तसं.

त्या रात्री मी फेरेटवर मिळेल ते वाचून काढलं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी जनावरापासून माणसानं हे माणसाळवलं, त्याला दोन हजार वर्षं तरी झाली. रोमन काळात स्पेनजवळच्या बेटांवर सशांनी इतका उच्छाद मांडला, की लोकांनी थेट सम्राट ऑगस्टसकडं सैन्य मागितलं, असं प्लिनी लिहून गेलाय. सशांविरुद्ध सैन्य! आमच्या गावातला एक जण हरभऱ्यासाठी तहसीलला अर्ज घेऊन गेला, तेव्हा लोक उगाच हसले. आणि तोंडाला मुसकं बांधलेली जनावरं बिळात सोडून ससे हुसकायची युक्ती स्ट्रॅबो नावाच्या ग्रीकानं तेव्हाच नोंदवलेली आहे.

युक्ती अशी : बिळाला तोंडं अनेक. प्रत्येक तोंडावर एक छोटी जाळी अंथरायची, तिच्या काठातून दोरी ओवलेली, दोरीचं टोक खुंटीला. मग एका तोंडातून फेरेट आत. त्याच्या वासानंच ससा बिथरतो, दुसऱ्या तोंडातून उसळतो, जाळीवर आदळतो, आणि जाळी आजीच्या चंचीसारखी आपोआप आवळली जाते. अडचण एकच. कधी कधी फेरेट आतल्या आत ससा मारतो, पोटभर खातो आणि तिथंच झोपतो. मग मालक वर फावडं घेऊन खणत बसतो. हल्ली म्हणे त्याच्या गळ्यात यंत्र बांधतात, कुठं झोपलाय ते कळावं म्हणून.

हे वाचून फेरेटबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला. आमच्याकडं मोटारीला लाइट रात्रीची येते. पाणी द्यायला म्हणून गेलेला मी मोसंबीखाली झोपलेला सापडतो आणि आबा बॅटरी घेऊन मला हुडकत असतात. फेरेट दिवसातले चौदा ते अठरा तास झोपतो, हेही वाचलं. त्यांच्या टोळक्याला इंग्रजीत 'बिझनेस' म्हणतात, हेही. बियाणं आणि सळया विकणाऱ्या जालन्यात हा शब्द समजावून सांगायची गरज नव्हती.

सकाळी मी हे सगळं आबांपुढं मांडलं. चहा संपेपर्यंत त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "ससा बिळात राहतो हे तुला कोणी सांगितलं?"

मी गप्प.

"साठ वर्षं बघतोय. ससा पऱ्हाटीखाली बसतो, नाहीतर गवतात. त्याला घरच न्हाई. तुझं ते भूत कशात सोडायचं?"

आबांचं खरं होतं. बीळ खणून राहतो तो युरोपातला रॅबिट. त्याची पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात, म्हणून त्यांना जमिनीखालची खोली लागते. आपला ससा म्हणजे हेअर, मानेवर काळा डाग असलेला. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्माला येतात. जन्मल्या क्षणी जग बघतात आणि इथं घर बांधण्यात अर्थ नाही, हे त्यांच्या लक्षात येत असावं. इंग्रजीत दोन जनावरांना दोन शब्द. आपण दोघांनाही ससा म्हणून मोकळे झालो आणि मी त्या गाळ्यात सापडलो.

मग आबा वाघरीच्या आठवणींवर गेले. वाघर म्हणजे लांबलचक जाळं. आमच्याकडं धनगर मेंढ्या कोंडायलाही वाघरच वापरतात. आबांच्या लहानपणी माळाच्या एका अंगाला खुंट्यांवर वाघर उभी करायची आणि दुसऱ्या अंगानं पोरांनी डबे बडवत हाका द्यायचा. आबांना एकदा खुंटी धरायचा मान मिळाला. ससा वाघरीकडं न जाता सरळ त्यांच्या दोन पायांमधून गेला. "मी पाय जवळ घेतले," आबा म्हणतात, "तवर तो देऊळगाव राजाला पोचला होता."

त्यातले खरे कसबी पारधी. कुठल्या पायवाटेनं तित्तर येईल हे पाहून केसाएवढ्या बारीक दोरीचा फासा मांडणारे. इंग्रजांनी १८७१ साली सुरू केलेल्या कायद्यानं असल्या कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला. तरी गावात चोरी झाली की लोकांची मान अजून त्यांच्याच पालाकडं वळते, आणि इथं मला विनोद सुचत नाही.

आता वाघर लावणं हाही गुन्हाच. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. ते दुष्काळाचं वर्ष. आबा म्हणतात, "त्या साली ससा कायद्यात गेला आन् आम्ही खडी फोडायला." सशाला हात लावायचा नाही, हे ठरलं. हरभऱ्याच्या कडेनं आईची जुनी लुगडी बांधली. पहिल्या रात्री ससे बिचकले असावेत. दुसऱ्या रात्री त्यांनी ती ओळखली.

राहिल्या घुशी. त्या बिळात राहतात, एवढी तरी माझी खात्री होती. पण फेरेट आणायचा कुठून?

"मुंगूस पाळा की," बायको म्हणाली. सूचना वाटते तेवढी भाबडी नाही. इंग्रजांनी मुंगसाला स्वतःचं नावसुद्धा दिलं नाही. त्यांचा 'मंगूस' हा शब्द आपल्या मुंगसावरूनच उचललेला. १८७२ साली जमैकातल्या एका ऊसमळेवाल्यानं उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली. तिथून त्यांची पिलावळ १८८३ साली हवाईत पोचली. हिशेबात एक गोष्ट राहून गेली. उंदीर रात्रपाळीला, मुंगूस दिवसपाळीला. जालन्याच्या एमआयडीसीतला कोणताही कामगार सांगेल, की दोन पाळ्यांची माणसं फक्त गेटवर भेटतात. उंदीर राहिले ते राहिलेच, मुंगसांनी तिथल्या पक्ष्यांची अंडी संपवली. जपाननं १९७९ साली एका बेटावर सापांसाठी तीसेक मुंगसं सोडली. ती निपटली असं जाहीर करायला २०२४ साल उजाडलं. मी बायकोला हे सांगितलं. शिवाय मुंगूसही कायद्यात आहेच. ती म्हणाली, "बरं बाई, सुचवलं ते चुकलं."

पिंजरा लावून पाहण्यात अर्थ नव्हता. तो प्रयोग जालन्याच्या घरी झाला होता. भज्याचा तुकडा अडकवून महिनाभरात आम्ही चार उंदीर पकडले. पण आईचा राजूरच्या गणपतीवर भाव. अंगारकीला तिकडं माणसांचे लोंढे लोटतात, त्यात ती वर्षानुवर्षं चालत गेलेली. देवाचं वाहन मारू देईना. मग मी पिंजरा घेऊन रस्त्याच्या पलीकडं जायचं आणि उंदराला सोडून यायचं. चौथ्या वेळी नीट पाहिलं तर शेपटीचा शेंडा तुटका. तिसऱ्याचाही तुटका होता. बहुधा पहिल्याचाही. गावातल्या एकुलत्या एका उंदराला आम्ही महिनाभर भजी चारत होतो.

म्हणून ठरलं : जाळ्या यॉर्कशरच्या, धूर मराठवाड्याचा. कांद्याच्या लाल जाळीदार गोण्या कापून, काठातून सुतळी ओवून मी अकरा चंच्या तयार केल्या. माघ संपत आला होता. रविवारी सकाळी मी, चुलतभाऊ, दोन पोरं आणि प्रेक्षक म्हणून आबा असे बांधावर पोचलो. घुशीचं बीळ ओळखायला सोपं, तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो. पहिल्या बांधाच्या सगळ्या तोंडांवर जाळ्या लावल्या. मडक्यात गोवऱ्या, वर वाळकी मिरची, आणि मडक्याचं तोंड बिळाला लावून मी मागच्या भोकातून फुंकू लागलो. पाच मिनिटं सगळं शास्त्रोक्त चाललं. मग वारा फिरला. बिळातून कोणी आलं नाही. बांधावरून मात्र आम्ही चौघं चार दिशांना उसळलो. आबा वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसले होते. त्यांना कसं कळलं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

डोळे धुऊन दुसऱ्या बांधाला जाळ्या लावल्या तेव्हा लक्षात आलं, की मिरची संपली. मग भाकरी आणि ठेचा सोडून बसलो. (ठेच्याला मिरची होती. ती कुणी सुचवली नाही.) ऊन चढलं होतं. तेवढ्यात पोरगं पुटपुटलं, "काका, हलू नका."

बांधाच्या कडेनं धामण आली. चांगली दीड पुरुष लांब, पिवळसर, घाई नसलेली. जाळ्या लावलेली तोंडं तिनं पाहिलीही नाहीत. बोराटीच्या काट्याआड एक तोंड होतं, ते माझ्या मोजणीत आलंच नव्हतं. त्यात तिनं डोकं घातलं आणि सुतळी सुईत ओवावी तशी ती सरसर आत गेली. शेपूट दिसेनाशी झाली. सगळं शांत.

मग जमिनीच्या पोटात चीं चीं झाली. एका तोंडातून माती उडाली आणि एक घूस सुसाट येऊन जाळीवर आदळली. जाळी आवळली! पलीकडं दुसरी आदळली, तीही आवळली! मी उभ्या जन्मात इतक्या जोरानं ओरडलो नव्हतो. चंची यॉर्कशरला चालते तशीच आमच्या शिवारात चालत होती. पण यॉर्कशरचा ससा गवत खाणारा. आमच्या घुशीनं ठिबकच्या काळ्या नळ्यांवर दात घासलेले, तिला कांद्याची गोणी म्हणजे शेवया. आम्ही पोचेपर्यंत दोन्ही जाळ्यांना मुठीएवढी भोकं आणि दोन्ही घुशी पसार. तसं आमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही. जांबचे समर्थ भटजींचं 'सावधान' ऐकल्या ऐकल्या बोहल्यावरून निसटले, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो.

आता धामण बाहेर यायची वाट पाहायची. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. एखादी तिसरी घूस तिला आत मिळाली असावी. आबा पहिल्यांदाच जागेवरून उठले. बिळाशी आले, खाली वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"खाऊन झोपलं असंल," ते म्हणाले. "तूच म्हनला होता ना? घे फावडं. खण."

कोणीच फावड्याला हात लावला नाही. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, किती निघाले?"

"दोन निघाले. दोन गेले."

"आणि फेरेट? कुठून आणलं?"

"इथलंच होतं. आत आहे."

"किती वेळ?"

"सकाळपासून," मी म्हणालो. यॉर्कशरच्या आजोबांना तो पलीकडं काहीतरी सांगत होता आणि ते सहानुभूतीनं मान हलवत असल्याचं मला स्क्रीनवर स्पष्ट दिसलं.

पुढच्या शनिवारी गेलो तर शेजारचे काका काठी घेऊन बांधाकडं निघालेले. "लई मोठं लांबडं दिसलं," म्हणाले. आबांनी त्यांचं मनगट धरलं.

"त्याला हात लावू नका. कामाचं हाये ते."

काकांनी काठी खाली केली आणि हनुवटीनं माझ्याकडं खूण केली. "आन् हे?"

आबांनी थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या फाटक्या जाळ्या उचलून माझ्या हातात दिल्या.

"ह्या शिवून आण," ते म्हणाले. "तवर बघू."