मामा नेमका कुणाचा?

तान्हं बाळ बोलत नसतं. ते बोललं असं मोठ्यांना ऐकू येतं. 'मामा' हा शब्द या ऐकू येण्यातून जन्मला, म्हणूनच त्याच्या सातबाऱ्यावर इतक्या वारसांची नावं चढली आहेत. इंग्रजी, चिनी, स्वाहिली अशा एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या भाषांत मामा म्हणजे आई. मराठीत आईचा भाऊ. तेलुगूत मामा आणि सासरा दोन्ही, कारण तिकडे मामाची मुलगी करायची रीत. जॉर्जियन भाषेत तर मामा म्हणजे थेट बाप! आईला तिथे 'देदा' म्हणतात आणि आजोबांना 'पापा'. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या पित्जन्त्जत्जारा लोकांतही 'मामा' अशी हाक मारली की बापच वळून बघतो. 'पापा'ची कथा वेगळी नाही. स्पॅनिशमध्ये शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर पापा म्हणजे वडील, पहिल्यावर दिला तर पोप, आणि लॅटिन अमेरिकेत बटाटासुद्धा; जोर चुकला की वडिलांची भाजी. आमचा मराठी पापा मात्र माणूस नाही, भाजीही नाही. तो बाळाच्या गालाचा घेतात.

या गोंधळात शिस्त शोधली ती रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने, १९५९ च्या सुमारास. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरातून आईबापांसाठीचे १०७२ शब्द गोळा केले होते: आईचे ५३१, बापाचे ५४१. आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत अनुनासिक व्यंजन निघालं, बापाच्या शब्दांत जेमतेम १५ टक्क्यांत. याकोबसन यांचा खुलासा असा की दूध पिताना बाळाचे ओठ कामात असतात, तेव्हा समाधानाचा हुंकार नाकावाटेच निघू शकतो. पुढे दूध नुसतं दिसलं तरी तोच हुंकार निघतो आणि हळूहळू तो मागणीचा होतो. हे पटायला लांब जायला नको. आपणच बाळाला भरवताना 'मंमं' म्हणतो आणि जपानी बाळाचं जेवणही 'मम्मा'च असतं. लॅटिनमध्ये 'मम्मा' म्हणजे स्तन. त्यावरूनच निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये सस्तन प्राण्यांच्या वर्गाचं नाव ठेवलं. थोडक्यात, बाळ आईला हाक मारत नाही, ऑर्डर देतं. हाक आपल्यालाच आहे असं समजून जो धावत आला, तो शब्द त्याचा.

यावर कुणी म्हणेल, कशावरून? सगळ्या भाषांची एक आदिभाषा असेल आणि हा तिचाच वारसा असेल. पण वारशाने आलेले शब्द वापरून झिजतात. जपानीत आईला 'हाहा' म्हणतात. विनोद म्हणून नव्हे. तिथल्या जुन्या 'प'चा शतकानुशतकं घासून 'ह' झाला, म्हणजे ही हाहा मूळची पापासारखीच काहीतरी होती. हजारो वर्षं हिंडूनही 'मामा' जगभर असा कोरा करकरीत राहिला असेल, तर तो वडिलोपार्जित नाणं नव्हे; प्रत्येक पाळण्यात त्याची नवी टांकसाळ चालू असते. दुसरा आक्षेप जॉर्जियन बापाचा: हुंकार दुधाचा आहे, तर तो बापाच्या पदरात कसा पडला? एक तर ५५ टक्के म्हणजे बहुमत, एकमत नव्हे. शिवाय आवाज बाळाचा असला तरी वाटणी मोठ्यांची असते, आणि वाटणीत कुणाला काय मिळावं हे न्यायावर ठरत नाही, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

उरला प्रश्न आपल्या घरचा. संस्कृतात 'मातुल' हा भारदस्त शब्द हजर असताना मराठीने बाळाचा हुंकार आईच्या भावाला का दिला? माझा तर्क असा, आणि तो शास्त्र म्हणून कुणी घेऊ नये: 'आई' हा शब्द नीट पाहा. आ आणि ई, दोन्ही स्वर. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्या पानात एकही व्यंजन उरलेलं नाही. हाताशी आलेला 'म' तिने माहेरी पाठवून दिला. भावानेही तो एकट्याने ठेवला नाही. शाळेतला शिपाई मामा झाला, चौकातला हवालदार मामा झाला, आणि जो फसला त्याचाही आपण 'मामा केला' म्हणू लागलो. बाळाने जेवण मागितलं आणि आपल्याला हाक आली असं समजून जो ओ देत धावला, तो यातला पहिला.